माझी सब्बल आणि पोळ्याच्या आदल्या दिवशीचे पाणी

जबाब

पोलीस ठाणे मांडवझरी, जिल्हा वर्धा
दि. ३०/०८/२०२५, सकाळी ११.१० वा.

मी, रूपराव किसनाजी उगेमुगे, वय ७१ वर्षे (आधार कार्डावर ७३ आहे, खरे कोणते ते सांगता येत नाही), शिक्षण चौथी पास, पाचवीत दोन महिने, धंदा शेती, दीड एकर भाजीपाला, राहणार पुलाजवळ, वॉर्ड क्र. ६, मांडवझरी, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा. मोबाईल नंबर निरंक.

समक्ष हजर राहून सांगतो की, घटनेला आज नऊ दिवस झाले. इतक्या उशिरा जबाब द्यायला आलो याबद्दल आधी माफी मागतो. याआधी दोन वेळा ठाण्याच्या फाटकापर्यंत येऊन परत गेलो होतो. सोमवारी आलो तेव्हा आत गर्दी होती. गुरुवारी गर्दी नव्हती.

मी वरील पत्त्यावर पत्नी मनकर्णाबाई हिच्यासह राहतो. मुलगा कैलास सेवाग्रामला दवाखान्यात नोकरीला आहे व तिकडेच राहतो. माझ्याकडे एक बैलजोडी व एक विहीर आहे. विहीर भिवसन नाल्यापासून चाळीस पावलांवर आहे. हा नाला गावाच्या खालच्या अंगाने वाहतो व पुढे वणा नदीला मिळतो.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत गावातील सर्व संडास-मोऱ्यांचे पाणी या नाल्यात पडत होते. नाला काळा होता. माझ्या विहिरीला वास येत होता. पत्नीच्या हातापायांना खाज होती, तिला दोन वेळा सेवाग्रामला दाखवले. बाजारात माझा पालक व सांभार (कोथिंबीर) ओळखून बायका म्हणायच्या, "नाल्याची भाजी हाये वं, पुढं चाल." मी त्या वेळी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बसून पाहिले. तिथेही ओळखत.

त्यानंतर नगरपंचायतीने गावाच्या खाली सांडपाणी साफ करण्याचे केंद्र सुरू केले. गटारे जमिनीखालून नेऊन केंद्राला जोडली. आता साफ झालेले पाणीच नाल्यात सोडतात. पहिल्या पावसाळ्यानंतर विहिरीचा वास गेला. पत्नीची खाज गेली. नाल्यात झिंगे दिसले. माझी भाजी मी आता बाजारात तोंडाशीच बसून विकतो. हे मी तक्रार म्हणून नाही, उपकार म्हणून सांगत आहे व ते लिहून घ्यावे ही विनंती आहे.

सदर केंद्रावर गोपाल नामदेव भोमले, वय अंदाजे ३४, हा ऑपरेटर म्हणून ठेकेदारामार्फत काम करत होता. मला काळजी करण्याची सवय आहे. म्हणून मी रोज सकाळी सात वाजता, साफ पाणी नाल्यात पडते त्या जागी जाऊन एक बाटली भरून पाहत असतो. त्या बाटल्या मी घरी खिडकीत ठेवतो. पत्नीने त्यास हरकत घेतलेली आहे. गोपाल मला पाहून म्हणायचा, "या काकाजी, तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो. तुमी पाह्यल्याशिवाय पाणी पुढं जाऊनच नाई राह्यलं." मी रोज विचारायचो, आज पाणी साफ आहे ना. तो रोज उत्तर द्यायचा. दोन वर्षांत त्याने एकदाही कंटाळा केला नाही.

गोपालने मला केंद्राचे काम दाखवले होते. आधी जाळीत चिंध्या-प्लास्टिक अडकते. मग पाणी हवेच्या टाकीत जाते, तिथे खालून बुडबुडे सोडतात. मग गाळ खाली बसतो व वरचे पाणी औषध घालून सोडतात. गोपाल सकाळी काचेच्या लांब भांड्यात हवेच्या टाकीतले पाणी घेऊन अर्धा तास ठेवायचा. गाळ नीट खाली बसला तर ठीक आहे असे समजायचे. तो अर्धा तास मी तिथे बाकावर बसायचो. मी त्याला एकदा म्हणालो, "मोठी मशीन हाये बाप्पा." त्यावर तो म्हणाला, "मशीन काही करत नाई काकाजी. सारं काम जंतू करते. आपण त्याइले फक्त हवा देतो. काकूच्या विरजणासारखं हाये पाहा."

हे त्याने मला सांगितले होते. मी ऐकले होते. पण माझ्या मनात असे बसले होते की, गटारात काहीही टाकले तरी केंद्रातून ते साफ होऊनच निघते. पुढील सर्व गोष्ट यातून झाली.

दि. २१/०८/२०२५ रोजी गुरुवार, पोळ्याचा आदला दिवस होता. संध्याकाळी बैलांचे खांदे मळायचे होते म्हणून मी सकाळी १०.३० वाजताच्या सुमारास पुलाजवळ पळसाची पाने तोडत होतो. सोबत सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, होती, कारण आधी गोठ्यातला खुंटा ठोकला होता. त्या वेळी एक पांढरा टँकर पुलावर थांबला. मागच्या बाजूला हिरवा पोपट काढलेला होता व पोपटाचा एक पंख खरचटलेला होता. नंबर मी पाहिला नाही. शेवटी दोन साते होती असे वाटते, शपथेवर सांगणार नाही.

ड्रायव्हरने उतरून टँकरचा पाईप नाल्याच्या दिशेने खाली सोडला. मी ओरडून त्याला थांबवले. आमचे बोलणे असे झाले. मी म्हणालो, "ओ भाऊ, काऊन टाकता तिथं?" तो म्हणाला, "काही नाई बाबा, टाकी धुतल्याचं पाणी हाये. जाम चौफुलीकडून आलो, वजन घेऊन कुठवर फिरू." मी म्हणालो, "नाल्यात नका टाकू. उद्या पोळा हाये. सारे बैल खाली याच नाल्यात धुतेत, तिथंच पाणी पेतेत." तो म्हणाला, "मंग कुठं टाकू, डोक्यावर?"

त्यावर मी त्याला पुलाजवळचे गटाराचे झाकण दाखवले व म्हणालो, "यात टाका. आमच्या गावात केंद्र हाये. काईबी टाका, साफ होऊन निघते."

झाकण जड होते. त्याच्याकडे उचलायला काही नव्हते. मी माझी सब्बल दिली. एका बाजूने त्याने जोर लावला, दुसऱ्या बाजूने मी.

पाणी तपकिरी होते व त्याला रंगाच्या डब्यासारखा वास होता. पूर्ण टँकर रिकामा व्हायला वीस मिनिटे लागली. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, तुमचं गाव लय पुढं गेलं जी." मला ते ऐकून बरे वाटले. जाताना त्याने मला खर्रा (सुपारी-तंबाखू) दिला. मला दात पाचच आहेत तरी मी घेतला. हे लाच म्हणून धरले जाते का ते मला माहीत नाही, पण लपवायचे नाही म्हणून सांगितले.

त्यानंतर मी पाने घरी ठेवून दुपारी १२.०० वाजता केंद्रावर गेलो. दुपारी मी कधी जात नाही. टँकरभर पाणी साफ होताना पाहावे असे वाटले. गोपाल जाळीजवळ उभा होता. जाळीच्या कुंडीत तपकिरी फेस गुडघाभर चढला होता. तो मला म्हणाला, "मागं राहा काकाजी, वास घेऊ नका." त्याने तोवर हवेच्या टाकीकडे जाणारे पाणी बंद केले होते व ते सर्व जास्तीच्या पावसासाठी ठेवलेल्या रिकाम्या टाकीत वळवले होते. मी विचारले, काय झाले. तो म्हणाला, "कोणीतरी जहर टाकलं. हे आत गेलं असतं तर सारे जंतू मेले असते. नवे तयार व्हाले महिना लागते. महिनाभर घाण तशीच नाल्यात गेली असती."

मी विचारले, "मंग केंद्रात हे साफ नाई होत?" तो म्हणाला, "विरजणात फिनाईल टाकून दही लागन का काकाजी?"

नंतर त्याने मला विचारले, "तुमी पुलापाशी राहता. कोणाची गाडी दिसली का?"

मी नाही म्हणालो.

हे वाक्य जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार मॅडमनी मला दोनदा विचारून लिहिले आहे. ते बरोबर आहे. मी नाही म्हणालो.

गोपालने दोन बाटल्यांत ते तपकिरी पाणी भरले, त्यावर चिठ्ठी चिकटवून तारीख, वेळ व स्वतःची सही केली. एक बाटली ठेकेदाराच्या सुपरवायझरसाठी ठेवली. दुसरी मला दिली व म्हणाला, "ही तुमच्याजवळ राहू द्या. तुमाले बाटल्या सांभाळाची सवय हाये." सुपरवायझरची बाटली नंतर कुठे गेली ते कोणालाच माहीत नाही असे समजते. माझ्याजवळची बाटली आज हजर करत आहे.

दुपारी १.३० वाजता रिकामी टाकी भरली. गटारात अजून तपकिरी पाणी येत होते. म्हणून गोपालने येणाऱ्या पाण्याचे दार पूर्ण बंद केले व नगरपंचायतीच्या मैला उपसणाऱ्या गाडीला फोन केला. गाडी दुसऱ्या गावी गेलेली होती. दार बंद केल्यामुळे गावाचे पाणी मागे चढत गेले. ३.०० वाजता खालच्या पुऱ्यात (वस्तीत) मोऱ्यांतून व संडासांतून पाणी वर आले. अनुसयाबाई यांच्या स्वयंपाकघरात व नीलेश झाडे यांच्या किराणा दुकानात घाण शिरली. साखरेची पोती व पोळ्यासाठी आणलेला माल खराब झाला. त्यांचे नुकसान झाले हे खरे आहे व त्यांचा राग खरा आहे.

अंदाजे ३.३० वाजता पंचवीस-तीस लोक केंद्रावर आले. मी तिथेच बाकावर बसलेलो होतो. अनुसयाबाई म्हणाल्या, "उद्या पोळा अन् आज माह्या चुलीपाशी सारा संडास. पुरण त्याच्यात शिजवू का रे गोपाल?" नीलेश म्हणाला, "हा झोपला होता इथं. मशीन बंद ठेवून झोपला होता." गोपाल त्यांना सांगत होता की कोणीतरी टँकर ओतला आहे. नीलेश म्हणाला, "कुठंय टँकर? कोणं पाह्यला?"

मी बाकावरून उठलो नाही.

केंद्राच्या बाजूला एक दुसरे दार आहे. ते उघडले तर गावाचे पाणी साफ न होता सरळ नाल्यात जाते व खालचा पुरा पाच मिनिटांत रिकामा होतो. सुपरवायझरने फोनवरून गोपालला ते दार उघडायला सांगितले. फोनचा आवाज मोठा होता, मी ऐकले. "सोडून दे नाल्यात, पावसाळा हाये, कोणाले समजून राह्यलं." लोकही तेच म्हणत होते. गोपाल त्या दाराच्या चाकापुढे उभा राहिला व म्हणाला, "उद्या सकाळी ऐंशी जोड्या त्या पाण्यात उतरन. मी नाई सोडत." नीलेशने त्याची कॉलर धरली. शर्टाची दोन बटणे तुटली. गोपालने हात उचलला नाही. तो अनुसयाबाईंना म्हणाला, "काकू, तुमचं घर मी येऊन धुतो. पण हे नाई सोडत."

५.०० वाजता उपसणारी गाडी आली. तिने पुलाजवळच्या झाकणातून गटारात राहिलेले तपकिरी पाणी ओढून केंद्रातल्या त्याच भरलेल्या टाकीशेजारच्या हौदात टाकले. ६.०० वाजता गोपालने दार उघडले व पाणी नेहमीप्रमाणे हवेच्या टाकीत सोडले. ७.०० वाजेपर्यंत खालचा पुरा रिकामा झाला. मी घरी गेलो. पत्नीने बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावली व मी बैलांना रीतीप्रमाणे म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दि. २२/०८/२०२५ रोजी पोळ्याच्या सकाळी मी पहाटेपासून केंद्राच्या खाली नाल्यावर होतो. सर्व गावाचे बैल आले. मी प्रत्येक जोडी पाण्यात उतरताना व बाहेर निघताना पाहिली. पाणी स्वच्छ होते. बैल पोटभर प्याले. नीलेश झाडे यांच्या काकांची जोडीही तिथेच धुतली गेली. माझे हिरा व चांदू पाण्यातून निघायला तयार नव्हते. संध्याकाळी तोरणाखाली सर्व जोड्या उभ्या राहिल्या. एकाही बैलाला काही झाले नाही. ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही, कारण काही झालेच नाही. म्हणून ती मुद्दाम लिहून घ्यावी.

त्याच सकाळी गोपाल बादली व खराटा घेऊन अनुसयाबाईंच्या घरी गेला व स्वयंपाकघर धुऊन दिले. अनुसयाबाई त्याच्याशी बोलल्या नाहीत, परंतु निघताना त्याला चहा दिला. तो चहा पीत असतानाच ११.०० वाजता त्याला फोन आला की, हयगयीची तक्रार ठाण्यात झाली आहे, चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये.

तेव्हापासून केंद्रावर नवीन माणूस आहे. तो काम करतो, परंतु त्याला काचेच्या भांड्यातला गाळ पाहणे अजून जमत नाही. गोपालला फाटकाच्या आत येऊ देत नाहीत. तो रोज सकाळी सात वाजता कुंपणाच्या बाहेर, मी बाटली भरतो तिथे येऊन उभा राहतो व मला विचारतो, "काकाजी, आज पाणी कसं हाये?" मी त्याला बाटली उजेडात धरून दाखवतो. मग तो विचारतो, "अन् ती टाकी तशीच हाये ना?" मी हो म्हणतो. असे आठ दिवस चालले. आधी मी विचारायचो व तो सांगायचा.

काल दि. २९/०८/२०२५ रोजी नवीन माणूस मला म्हणाला की, सोमवारी ती टाकी व हौद नाल्यात रिकामे करायचे आहेत, पावसाचेच पाणी आहे असे वरून सांगितले आहे. मी गोपालला हे सांगितले. तो कुंपणाची तार धरून म्हणाला, "टँकर कोणी पाह्यलाच नाई तर माह्यावर कोण इस्वास ठेवन, काकाजी." त्याने मला दोष दिला नाही. त्याला अजून माहीत नाही. त्याची पत्नी समीक्षा हिने बुटीबोरीला कंपनीत कामासाठी अर्ज भरून ठेवला आहे, सोमवारनंतर ते गाव सोडणार आहेत.

काल दुपारी पत्नी गोठ्यात सब्बल घ्यायला गेली. सब्बलीच्या टोकाला तपकिरी डाग होता, तो घासून गेला नाही. तिने विचारले, "हे कशाचं जी?" मी सर्व सांगितले. ती थोडा वेळ हात पाहत बसली. मग म्हणाली, "दोन वर्षं माह्ये हात बरे हायेत ते त्या पोराच्या पायी. सब्बल आपली व्हती. सांगून या." आज सकाळी तिने मला धुतलेले धोतर काढून दिले व पुलापर्यंत सोबत आली.

सदर सब्बल मी सोबत आणली आहे व हजर करत आहे. बाटलीही हजर आहे. टाकीतले पाणी व बाटलीतले पाणी एकच आहे, ते तपासावे. गोपाल भोमले याने हयगय केलेली नाही. झाकण मी दाखवले, सब्बल मी दिली, विचारल्यावर नाही मी म्हणालो. टँकरवाल्याची नाल्यात टाकायची तयारी होती व मी त्याला थांबवले हेही खरे आहे, पण त्याने माझी चूक कमी होते असे माझे म्हणणे नाही. खालच्या पुऱ्यातल्या लोकांसमोर हे सांगायला मी तयार आहे. मला काही शिक्षा असेल तर ती सांगावी. बैलांना सकाळ-संध्याकाळ पाणी पाजावे लागते, पत्नीला एकटीला जमत नाही, एवढेच लक्षात घ्यावे.

ठाण्यात मला बसायला खुर्ची व चहा दिला, कोणी रागावले नाही, याबद्दल मी आभारी आहे. मला वेगळे वाटले होते.

येथून मी सरळ गोपालच्या घरी जाणार आहे. हे त्याने दुसऱ्याकडून ऐकू नये.

माझी एकच विनंती आहे की, पाणी तपासून होईपर्यंत ती टाकी व हौद कोणी उघडू नये, सोमवारी तर नाहीच, व गोपालचे काय ठरले ते मला लवकर कळवावे. मोबाईल नाही. मी रोज सकाळी सात वाजता, केंद्राचे पाणी नाल्यात पडते तिथे असतो. कोणालाही पाठवावे. उद्या रविवार आहे, तरी मी तिथे असतो.

हा जबाब हवालदार रूपाली मॅडमनी मला मराठीत वाचून दाखवला. मी विनंती केल्यावरून पुन्हा एकदा सावकाश वाचला. जसे सांगितले तसेच लिहिलेले आहे, काही वाढवलेले नाही व माझ्या बाजूने काही वगळलेले नाही. चष्मा आणला आहे. खाली सही माझीच आहे, अंगठा नाही.

(रूपराव किसनाजी उगेमुगे)

समक्ष,
रूपाली कुबडे, महिला पोलीस हवालदार, पो. ठाणे मांडवझरी
हजर वस्तू: लोखंडी सब्बल एक, काचेची बाटली एक, चिठ्ठीसह